ओहोटी सहा बावन्नला

ट्रकच्या डॅशबोर्डवर भरती-ओहोटीचा तक्ता,
त्यावर रबरबँड लावलेली दोनशे बारा कार्डं.
विस्कॅसेटच्या पुढे रस्ता सरळ होतो,
तेव्हा बाबा एक कार्ड उचलतो,
डोळ्यांजवळ नेतो, लांब धरतो, पुन्हा जवळ.
"मा-य-टो... जाऊ दे. तेच ते, पेशीचं इंजिन. काय नाव त्याचं?"
रॉइस थर्लो, शाळा सोडली अकरावीत.
मी म्हणते, बाबा, नाव आणि काम
दोन्ही तूच सांगून टाकलंस.

अजून नऊ दिवस.
मिसेस पेल्की म्हणतात, पाठ करू नका, विचार करा,
आणि पाठ करायला आणखी सहा पानं वाटतात.
वर्गात आम्ही सातजण.
मे उजाडला तरी हीटर खडखडतो,
खिडकीपाशी शेवाळलेल्या टाकीत एक कासव आहे,
पेपरात ते येणार नाही
म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

परीक्षेची फी मी भरली. मला पक्की पाठ आहे ती:
दोनशे तीस किडे.
गुडघाभर चिखल, कमरेतून वाकलेली मी,
दाताळ्यानं उलटलेलं एकेक ढेकूळ,
आणि त्यात गुलाबी, वळवळता,
तोंड बाहेर फेकून चार काळे दात दाखवणारा एकेक जण.
चावला की बोट टम्म फुगतं संध्याकाळपर्यंत.
कातडीतून त्याचं रक्त आरपार दिसतं.
पुस्तकात हिमोग्लोबिनची आकृती चार रंगांत आहे,
मी ते ओल्या तळव्यावर मोजलंय, नगावर पैसे घेऊन.
तुटलेला किडा धरत नाहीत.

कार्ड चौऱ्याण्णव. ऑस्मॉसिस.
रात्री येत होतं. आता येईना.
पाणी कुठून कुठे, कमी कुठे, जास्त कुठे,
मी खिडकीबाहेर पाहत राहिले.
बाबा म्हणाला, "एप्रिलातला तो मंगळवार आठवतो?
ट्रे उघडा राहिला आणि सर आली.
सगळे फुगले, मग फुटले.
डेलमारनं अख्खा ट्रे ओतून दिला.
गोडं पाणी आत घुसतं गं.
खाऱ्या अंगाला ते सोसत नाही."
एवढंच.
मिसेस पेल्कींनी यासाठी दोन तास आणि एक बटाटा घालवला होता.

पुढचं कार्ड मी स्वतःच वाचलं.
पोटात असताना आपला हात वल्ह्यासारखा असतो, बाबा, सलग.
मग मधल्या पेशी आपणहून मरतात,
म्हणून बोटं सुटी होतात.
इंडिकेटर टकटकत राहिला, वळण येऊन गेलं तरी.
"त्यांना कुणी सांगतं?"
सिग्नल येतो.
"आणि त्या ऐकतात?"
ऐकतात.
कॉलेजचं पत्र समोरच्या कप्प्यात पडलंय,
टायरच्या पावत्यांखाली, तीन आठवडे.
उत्तर बरोबर होतं, तरी ते कार्ड त्यानं
'येत नाही'च्या गठ्ठ्यात ठेवलं.

अकराला पाणी उतरलं.
आम्ही पाठीला पाठ करून खणत राहिलो,
मी पुटपुटत होते, तो मोजत होता,
मध्येच माझा फॉस्फेट त्याच्या मोजणीत घुसला
आणि तो एकशे चाळीसवरून पुन्हा एकशे तीसवर आला.

परत येताना मी तक्ता बघितला.
परीक्षेच्या सोमवारी ओहोटी सहा बावन्नला,
पेपर आठला.
म्हटलं, उजाडता उजाडता तासभर खणता येईल की.
"नाही," बाबा म्हणाला,
आणि कानामागची पेन्सिल काढून
त्या चौकोनावर काट मारली.
माझ्या आठवणीत त्या तक्त्यावर
वादळाखेरीज कशासाठी काट नाही.

कार्ड चौऱ्याण्णववर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे, चिखलाचा.
वाळून राखाडी झालाय.
उत्तराच्या दोन ओळी त्याखाली गेल्या.
मी खरवडून पाहिलं नाही.